बास्केटबॉलमध्ये करिअर करायचंय? मुंबईतल्या खेळाडूंचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि वसई-विरार भागातल्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. शाळेच्या संघात नुकतीच निवड झालेल्या मुलीपासून सीनियर नॅशनल खेळून नोकरी शोधणाऱ्या खेळाडूपर्यंत अनेकांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. भरतीचे आणि स्पर्धांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात किंवा परिपत्रक मुळातून वाचाच.

भारतात बास्केटबॉल खेळून घर चालतं का?

चालतं, पण एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग बघून जी वाट डोळ्यापुढे येते त्या वाटेने नाही. आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या खेळाडूंना दरमहा पैसे मिळतात ते नोकरीतून. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर खातं, सैन्यदलं अशा ठिकाणी खेळाडू कोट्यातून भरती होते आणि खेळाडू त्या संस्थेच्या संघातून खेळतो. लीगचे पैसे हे त्यावरचं उत्पन्न. यूबीए ही लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. २०२२ मध्ये आयएनबीएल आली आणि तिच्यात मुंबई टायटन्स हा आपल्या शहराचा संघ उतरला. लीग चालते काही आठवडे, घरभाडं मात्र बारा महिने द्यावं लागतं. म्हणून वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासूनच खेळ, शिक्षण आणि प्रमाणपत्रं या तिन्हींची तयारी एकत्र करावी लागते. यातलं एक जरी मागे राहिलं तरी बावीस-तेविसाव्या वर्षी चांगला खेळाडू अडकतो, आणि मुंबईत असे अडकलेले खेळाडू खूप आहेत.

नोकरी आणि परदेशातला खेळ एकमेकांच्या आड येतातच असंही नाही. गीतू अण्णा जोस दक्षिण रेल्वेत होती आणि ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडूनही खेळली. ओएनजीसीच्या विशेष भृगुवंशीला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्सचा करार मिळाला.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

आठ ते बारा हे वय सर्वांत सोयीचं. चौदाव्या वर्षी सुरुवात करूनही वर येता येतं, पण त्याआधी दुसरा एखादा खेळ अंगात मुरलेला हवा. खो-खो किंवा कबड्डी खेळलेल्या मुलांना अचानक दिशा बदलणं, खाली बसून पळणं, अंगावर येणाऱ्याला चुकवणं आधीच येतं. बास्केटबॉलच्या बचावाला नेमकं हेच लागतं. त्यामुळे चौदा वर्षांपर्यंत शाळेतला दुसरा खेळ सोडायला लावू नका.

लहान मुलांच्या बाबतीत एक चूक सर्रास दिसते: नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांचा ७ नंबरचा चेंडू आणि समोर १० फुटांवरची रिंग. चेंडू वर पोचवायची ताकद नसते, म्हणून मूल तो कमरेपासून, खांद्यावरून, दोन्ही हातांनी ढकलतं. तीच सवय पुढे शॉटमध्ये कायमची बसते आणि सोळाव्या वर्षी मोडता मोडत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू आणि ८ फुटांवर रिंग, नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना ५ नंबरचा चेंडू आणि ९ फुटांवर रिंग द्या. बाराव्या वर्षानंतर रिंग १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. मुली पुढे कायम ६ नंबरने खेळतात. मुलांनी चौदा-पंधरापर्यंत ६ नंबर वापरून मग ७ वर जावं. मैदानावरची रिंग खाली घेता येत नसेल तर जवळून शॉट मारायला लावा आणि फ्री थ्रोची (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) रेषा एक-दीड मीटर पुढे आखा.

उंची कमी आहे. मग नाद सोडावा का?

लगेच नको. आधी अंदाज घ्या. आई-वडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि २ ने भागा. वडील १७० आणि आई १५६ असतील तर मुलाचा अंदाज १६९.५ आणि मुलीचा १५६.५ येतो. प्रत्यक्ष उंची यापेक्षा साधारण आठ सेंटिमीटरने कमी-जास्त होऊ शकते. मगसी बोग्स १६० सेंटिमीटर उंचीचा होता आणि १९८७ ते २००१ एनबीएत खेळला. पण त्याच्या जोरावर बेत आखू नका, कारण आपल्या राष्ट्रीय पुरुष संघातले गार्डही (बाहेरून चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारे) सहसा सहा फुटांच्या वर असतात. १७० ते १७८ सेंटिमीटरच्या मुलाला राज्याच्या पातळीवर टिकायचं असेल तर त्याचा चेंडूवरचा ताबा, तीन गुणांचा शॉट आणि पूर्ण कोर्टभर केलेला बचाव या तिन्ही गोष्टी इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस हव्यात.

नुकसान खरं होतं ते लवकर उंच झालेल्या मुलांचं, आणि त्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. तेराव्या वर्षी पाच फूट दहा इंच झालेला मुलगा शाळेच्या संघात रिंगखाली उभा केला जातो. चेंडू मिळाला की वळून टाकायचा, एवढंच त्याला शिकवतात. संघ सामने जिंकतो, सगळे खूश असतात. मग पंधराव्या वर्षी त्याची वाढ थांबते, बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात आणि त्याला ड्रिबल (चेंडू आपटत नेणं), बाहेरून शॉट, पास यातलं काहीच येत नाही. मूल कितीही उंच असो, सोळाव्या वर्षापर्यंत त्याला गार्डचाच सराव द्यायला प्रशिक्षकांना सांगा.

लोंबकळून किंवा जाहिरातीतली पावडर पिऊन उंची वाढत नाही. झोप आणि पुरेसं खाणं मिळालं तर वाढीत अडथळा येत नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

मुंबईत शिकायला कुठे जावं?

नागपाड्याचं नाव पहिलं घ्यावं लागतं. मस्तान तलावाच्या मैदानाने आणि आसपासच्या गल्ल्यांनी देशाला कितीतरी खेळाडू दिले. भारताचे माजी कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसीर याच वस्तीतले. माटुंग्याचं इंडियन जिमखाना, माटुंग्याचीच डॉन बॉस्को शाळा आणि वायएमसीएची केंद्रं ही खेळाची जुनी ठिकाणं. उपनगरांत खासगी अकादम्या आता भरपूर झाल्या आहेत.

अकादमी निवडताना भिंतीवरचे फोटो पाहू नका, एक तास बाजूला उभे राहून मोजा. एका रिंगवर किती मुलं आहेत? पंधरापेक्षा जास्त असतील तर तासाभरात आपल्या मुलाच्या वाट्याला पंचवीस-तीस शॉटही येत नाहीत. दर दोन मुलांमागे एक चेंडू आहे का? प्रशिक्षक डाव्या हाताने ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) मारायला लावतात का? उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात, ते कोणी पाहतं का? त्या केंद्रातली मोठी मुलं जिल्हा आणि राज्य संघात आहेत का, हेही विचारा. आणि प्रवास: डोंबिवलीहून रोज संध्याकाळच्या गर्दीत लोकलने दीड तास जाऊन दीड तास खेळायचं, हे शाळकरी मुलाला महिनाभरात थकवतं. घराजवळ आठवड्यातले चार दिवस आणि लांबच्या चांगल्या केंद्रात शनिवार-रविवार, अशी वाटणी जास्त दिवस टिकते.

शाळेपासून राष्ट्रीय संघापर्यंतच्या पायऱ्या कोणत्या?

दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्ही चालाव्या लागतात.

पहिली वाट शासनाची शालेय स्पर्धा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत स्पर्धा होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. शाळेने वेळेत नोंदणी केली नाही तर मूल कितीही चांगलं असलं तरी त्याचं वर्ष जातं. म्हणून जूनमध्येच पीटीच्या सरांना भेटून विचारा. याखेरीज मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशनच्या आंतरशालेय स्पर्धा असतात. सामन्यांचा सराव आणि चुरस यासाठी त्या उत्तम.

दुसरी वाट संघटनेची. जिल्हा संघटना, महाराष्ट्र राज्य संघटना आणि बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. इथे सब-ज्युनियर, यूथ, ज्युनियर आणि सीनियर असे गट असतात. भारताच्या संघासाठी शिबिराला बोलावणं येतं ते मुख्यतः या राष्ट्रीय स्पर्धांतल्या खेळावरून. दोन्ही वाटांचे वयोगट आणि वय मोजण्याची तारीख सारखी नसते, त्यामुळे एकीकडे बाद झालेलं मूल दुसरीकडे त्याच वर्षी खेळू शकतं.

बारावीनंतर कॉलेजमधून मुंबई विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. नोकरीसाठी ही पायरी फार मोलाची आहे, आणि व्यावसायिक व्हायचं म्हणून कॉलेज सोडणारे नेमकी तीच गमावतात.

आम्ही विरारला राहतो, शाळा बोरिवलीत आहे. जिल्हा कोणता?

शालेय स्पर्धेसाठी शाळा जिथे आहे तो जिल्हा. म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत, दहिसर आणि मुलुंडच्या पलीकडे ठाणे, आणि वसई-विरार २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. संघटनेच्या स्पर्धेत मात्र नोंदणी कोणत्या जिल्ह्याकडे आहे ते महत्त्वाचं. एकाच मोसमात दोन जिल्ह्यांकडून ट्रायल देऊ नका. पकडलं गेल्यावर खेळाडूवर बंदी येते, मग त्याला नेणारे बाजूला होतात.

वयाचा दाखला कोणता चालतो?

जन्मानंतर लगेच, निदान वर्षभरात नोंदवलेला महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला सर्वांत भक्कम. उशिरा नोंदवलेल्या दाखल्यावर आक्षेप येतात. संशय आल्यास डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. वय लपवून खेळवण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. पुढे नोकरीच्या वेळी दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवले जातात आणि तिथे तारखा जुळाव्या लागतात.

ट्रायलमध्ये निवड करणारे काय पाहतात?

चाळीस मुलं, दोन तास आणि एक कोर्ट. प्रत्येकाच्या हातात चेंडू एकूण दोन-तीन मिनिटं असतो. उरलेल्या वेळात तुम्ही काय करता, यावर निवड ठरते. चेंडू गेल्यावर परत किती वेगाने पळता, बचावात बोलता का, शॉट उडाला की आपण धरलेल्या प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवता का, साथीदार पडला की त्याला उठवता का. मुलं नेमकं उलटं करतात: चेंडू मिळाला की पायाखालून चार वेळा काढून दाखवतात आणि शेवटी चेंडू गमावतात.

एक साधा नियम पाळा. चेंडू हातात आला की दोन सेकंदांत शॉट, पास किंवा थेट रिंगकडे ड्रिबल. उघडा शॉट असेल तर मारा, चुकला तरी चालेल. न मारलेला उघडा शॉट जास्त खटकतो.

बरोबर न्यायच्या गोष्टी: जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, चार फोटो, आधीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं मूळ आणि झेरॉक्स, फिकट आणि गडद रंगाचा एकेक टी-शर्ट, दोन लिटर पाणी. अर्धा तास आधी पोचा, कारण लोकल वेळेवर येईलच असं नाही आणि वॉर्म-अप न करता उतरलेला खेळाडू पहिल्याच धावेत मागे पडतो.

एकट्याने सराव कसा करावा?

सव्वा तासाचा एक आराखडा. पहिली पंधरा मिनिटं ड्रिबल, त्यातली दहा डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या). नंतर वीस मिनिटं ले-अप: प्रत्येक हाताने तीस, त्यात दहा उलट्या बाजूने. मग पाच ठिकाणांहून प्रत्येकी तीस शॉट, म्हणजे दीडशे. शेवटी थकल्यावर फ्री थ्रो: दोन मारा, कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून या, पुन्हा दोन मारा, असे तीस पूर्ण करा. सामन्यात फ्री थ्रो धापा टाकत असतानाच मारावा लागतो, त्यामुळे ताज्या दमाने मारलेल्या शंभरांचा फारसा उपयोग नाही.

वहीत प्रत्येक ठिकाणचे आत गेलेले शॉट लिहा. आज किती गेले यापेक्षा चार आठवड्यांत आकडा हलला का ते पाहा. फ्री थ्रो सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर तीन गुणांच्या रेषेमागे उभं राहायची घाई करू नका. ती रेषा समोरून ६.७५ मीटरवर आहे, आणि ताकद कमी पडली की खेळाडू कोपर बाहेर काढून चेंडू फेकायला लागतो. शॉट सपाट जात असेल तर बहुतेक वेळा कारण गुडघ्यात असतं: पाय वाकत नाहीत आणि सगळा भार हातावर येतो. शॉट डावी-उजवीकडे जात असेल तर कोपर आणि मार्गदर्शक हाताचा (चेंडूला बाजूने आधार देणाऱ्या) अंगठा तपासा.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर सिमेंटचं उघडं कोर्ट शेवाळाने निसरडं होतं. वरून कोरडं दिसलं तरी कोपऱ्यांत पाय सरकतो, तिथे खेळू नका. हे चार महिने ताकदीसाठी वापरा: आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, लंज, पुश-अप, प्लँक, पोटरीचे व्यायाम आणि एका पायावर तोल. बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये ड्रिबलचा सराव होतो. दुपारी दोन ते चारमध्ये नको, शेजारी झोपलेले असतात. चार-पाच जणांनी मिळून आठवड्यातून एकदा इनडोअर कोर्ट भाड्याने घेतलं तर शॉटचा हात सुटत नाही.

चेंडू आणि बूट कोणते घ्यावेत?

सिमेंटवर रबरी चेंडू. लेदरचा किंवा कॉम्पोझिट लेदरचा चेंडू सिमेंटवर महिन्याभरात सोलून निघतो. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. खेळायचे मोजे घालून पाहा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. टाच आत हलत असेल तर तो बूट नको. बाहेर खेळायला जाड, कडक रबराचा सोल लागतो. इनडोअरचा मऊ सोल सिमेंटवर लवकर गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत सोल म्हणजे घोटा मुरगळण्याला निमंत्रण.

खाण्यापिण्याचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

अडचण नाही, पण मोजून खावं लागेल. नियमित सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या खेळाडूला साधारण ८५ ते १२० ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, कोरड्या सोया चंक्समध्ये १०० ग्रॅममागे ५० च्या आसपास, शेंगदाण्यात २५, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. अंडी चालत असतील तर एका अंड्यात ६. नुसता वरण-भात आणि भाजी खाऊन हा आकडा गाठला जात नाही. न्याहारीला मोडाची मटकी, मधल्या वेळेत मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा चणे, रात्री सोया किंवा पनीर असं वाटून द्या. सरावाआधी दोन तास पोळी-भाजी किंवा पोहे, आणि अर्धा तास आधी केळं. वडापाव सरावानंतर कधीतरी ठीक, आधी नको.

मुंबईच्या दमटपणात घाम सुकत नाही आणि शरीर थंड व्हायला वेळ लागतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत त्याच्या दीडपट पाणी, चिमूटभर मीठ आणि लिंबू-साखर घालून, थोडं थोडं प्या.

तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी. सकाळी पाचचा सराव आणि रात्री बाराला क्लासचा गृहपाठ हे गणित शरीर फार दिवस चालू देत नाही.

घोटा मुरगळला तर?

ताबडतोब खेळ थांबवा. चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. नसेल तर क्रेप बँडेज, पाय उंच आणि दुखेल त्या मर्यादेत हलवणं. मालीश आणि ओढून 'बसवणं' टाळा. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. त्या पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहता येईपर्यंत आणि न दुखता एका पायावर दहा उड्या मारता येईपर्यंत सामना नको. पहिली मुरगळ नीट बरी न करणाऱ्याला दुसरी होते, मग तिसरी, आणि दोन वर्षांनी तो खेळाडू प्रत्येक उडीला घाबरतो.

अकरा ते पंधरा वयात गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला गाठ येऊन दुखत असेल तर ती बहुधा वाढीच्या वयातली ओसगुड-श्लॅटरची तक्रार असते. उड्या कमी करा, मांडीचे स्नायू सैल ठेवा, फिजिओथेरपिस्टला दाखवा. वाढ पूर्ण झाली की ती बहुतेकदा जाते.

मुलींसाठी काही वेगळं?

संधी कमी नाहीत. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं नेतृत्व केलं आहे. हरसिमरन कौर अमेरिकेत सॅन डिएगो विद्यापीठाकडून पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात खेळली.

शरीराच्या दोन गोष्टींकडे मात्र घरच्यांनी लक्ष द्या. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो बहुधा कोणाचा धक्का न लागता, उडीवरून खाली येताना किंवा अचानक वळताना तुटतो. शस्त्रक्रियेनंतर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं. उडी मारून गुडघे आत न वळवता, आवाज न करता खाली उतरण्याचा सराव आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं केला तर हा धोका बराच कमी होतो. दुसरी गोष्ट लोह. सतत थकवा, दम लागणं दिसलं तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. जेवणाबरोबर चहा नको, लोह शोषलं जात नाही. पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा.

रेल्वेच्या खेळाडू कोट्याची भरती कशी होते?

पश्चिम रेल्वेचं मुख्यालय चर्चगेटला आणि मध्य रेल्वेचं सीएसएमटीला, त्यामुळे मुंबईकरांना ही वाट घराजवळची. खुल्या जाहिरातीसाठी वय सहसा १८ ते २५. १०० गुणांत ट्रायलला ४०, खेळातल्या कामगिरीला ५० आणि शिक्षणाला १०. ट्रायलमध्ये ४० पैकी २५ मिळाले नाहीत तर पुढचं काहीच पाहिलं जात नाही. सातव्या वेतन आयोगात लेव्हल १ चं मूळ वेतन १८,००० रुपये, लेव्हल २ चं १९,९०० आणि लेव्हल ५ चं २९,२००. त्यावर महागाई भत्ता आणि मुंबईचा घरभाडे भत्ता. लेव्हल ४-५ साठी पदवी लागते. पदवी असलेला आणि नसलेला असे दोन सारख्याच ताकदीचे खेळाडू एकाच दिवशी रुजू झाले तरी पगारातलं हे अंतर अनेक वर्षं राहतं.

जाहिरातीत खेळाडूची मैदानावरची जागा लिहिलेली असते: गार्ड, फॉरवर्ड, सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू). संघाला सेंटर हवा असताना गार्डने अर्ज केला तर कागद उत्तम असूनही निवड होत नाही. अर्जाआधी त्या संघाचा एखादा सामना पाहा.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून आधी करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर मुदत उलटते.

कोणती प्रमाणपत्रं धरली जातात?

केंद्राच्या भरतीत ठरावीक नमुने आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी फॉर्म १, राष्ट्रीयसाठी फॉर्म २, आंतरविद्यापीठसाठी फॉर्म ३, शालेय राष्ट्रीयसाठी फॉर्म ४. फॉर्मवर सही कोणाची हवी हेही ठरलेलं आहे. स्पर्धा संपल्यावर दोन-तीन महिन्यांत सही-शिक्का घ्या. पाच वर्षांनी पदाधिकारी बदलतात, नोंदी सापडत नाहीत. गल्लीतल्या, क्लबच्या किंवा खासगी अकादमीच्या खुल्या स्पर्धा खेळाला धार देतात, पण त्यांची प्रमाणपत्रं नोकरीत धरली जात नाहीत. प्रत्येक कागद स्कॅन करा आणि लॅमिनेशन करू नका, पडताळणीत शिक्का तपासता येत नाही.

दहावी-बारावीचे सवलतीचे गुण मिळतात ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या पातळीनुसार, आणि प्रस्ताव शाळा किंवा कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे जातो. मुलाने पाठपुरावा केला नाही तर तो बऱ्याचदा कपाटातच राहतो.

थ्री बाय थ्री खेळावं का?

खेळावं. दहा मिनिटं किंवा २१ गुण, शॉटसाठी १२ सेकंद, तीन खेळाडू आणि एक बदली, अर्धं कोर्ट. टोकियोपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या) संकेतस्थळावर खेळाडूचं प्रोफाइल करता येतं आणि नोंदणीकृत स्पर्धांतल्या कामगिरीवर वैयक्तिक क्रमवारी मिळते. जागेची टंचाई असलेल्या आपल्या शहराला हा खेळ चांगलाच मानवतो. फक्त पाच जणांच्या खेळातली चेंडूशिवायची हालचाल यात विसरू नका.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायला जायचं असेल तर?

तयारी नववीपासून. एनसीएए या तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या डिव्हिजनसाठी नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय आणि ४ च्या मोजपट्टीवर किमान २.३ सरासरी लागते, म्हणून नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपून ठेवा. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. तिथे अभ्यासाच्या गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. इथल्या एखाद्या लीगचे पैसे घेण्याआधी हौशी दर्जाचे नियम वाचा, नाहीतर पात्रता धोक्यात येते. तिथल्या प्रशिक्षकांना दोन-तीन मिनिटांचे निवडक क्षण आणि त्याबरोबर दोन पूर्ण सामने पाठवा. ते पूर्ण सामना पाहतात, कारण बचाव तिथेच दिसतो. 'शिष्यवृत्तीची हमी' म्हणून आगाऊ लाखो रुपये मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

आणि एनबीए?

पंजाबचा सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडला, आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) निवडला गेलेला तो पहिला भारतीय. प्रिन्सपाल सिंग जी-लीगपर्यंत, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगपर्यंत पोचला. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, तेव्हा ही स्पर्धा मुंबईच्या मुलांनी जवळून पाहिली. स्वप्न जरूर ठेवा, पण त्यासाठी दहावीचा अभ्यास सोडू नका.

लीगचा करार सही करण्याआधी काय पाहावं?

पैसे किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखांना मिळणार. जखमी झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा आणि उरलेला मोबदला मिळणार का. लीग पुढे ढकलली किंवा रद्द झाली तर काय. तुमचा फोटो आणि नाव जाहिरातीत किती काळ वापरणार. राहणं-जेवण-प्रवास कराराच्या रकमेत धरलं आहे की वेगळं. हे पाच मुद्दे लेखी नसतील तर सही करू नका. टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भरा, बऱ्याच तरुण खेळाडूंचा परतावा तसाच पडून राहतो. नोकरीत असाल तर खात्याची ना-हरकत आधी, सही नंतर.

परदेशी क्लबशी बोलणी असतील तर एजंट फिबाचा परवानाधारक हवा आणि त्याचा मोबदला खेळाडूच्या मानधनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. देश बदलताना आपल्या फेडरेशनचं क्लिअरन्स पत्र लागतं. अठरा वर्षांखालील खेळाडूंचं परदेशी हस्तांतर अपवाद सोडता होत नाही. करारात वाद फिबाच्या लवादाकडे नेण्याचं कलम घालून घ्या. पैसे थकले तर दाद मागायची जागा तीच.

सप्लिमेंट घ्यावीत का?

जेवणाने काम भागत असेल तर नकोत. नाडाची (राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेची) चाचणी राष्ट्रीय स्पर्धेत कधीही होते आणि शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार धरला जातो, 'जिमच्या सरांनी दिलं' हे चालत नाही. प्री-वर्कआउट पावडरींत हिगेनामाइनसारखी बंदी असलेली द्रव्यं सापडतात, कधी डब्यावर नाव न लिहिताही. सर्दी-दम्याचं औषध घेतानाही डॉक्टरांना 'मी स्पर्धात्मक खेळाडू आहे' असं सांगा. बंदी असलेलं औषध खरोखर गरजेचं असेल तर उपचारासाठीची परवानगी आधी काढावी लागते.

खेळणं थांबल्यावर पुढे काय?

बहुतेकांचा सर्वोच्च पातळीवरचा खेळ तेहतीस-पस्तिशीपर्यंत. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षण पदविका अभ्यासक्रम केला तर शाळा, अकादमी आणि शासकीय केंद्रांत प्रशिक्षक म्हणून काम मिळतं. बी.पी.एड. केलं तर शाळेत क्रीडा शिक्षक होता येतं. पंचाच्या परीक्षेला खेळत असतानाच बसा: नियम पक्के होतात, शनिवार-रविवारी सामन्यांचं मानधन मिळतं आणि चांगले पंच मुंबईत नेहमीच कमी पडतात. जिल्हा संघटनेकडे पंच परीक्षेची सूचना कधी येते ते मोसमाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.